सतरा चारशे

सरकारी कागदात या जागेचं नाव सतरा चारशे.
पुलापासून सतरा किलोमीटर आणि वर चारशे मीटर.
ओंगकिट लेपचा म्हणते, माझं वळण.
तिची मसाला वेलची इथूनच खाली उतरते.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी नामचीहून येतो,
पिशवीत प्लास्टरची पुडी, पाण्याची बाटली
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काचेच्या पट्ट्या,
तीन इंच लांब, एक इंच रुंद.
संरक्षक भिंतीच्या तड्यावर एक आडवी बसवायची,
दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये दाबायची,
खाली तारीख घालायची.
डोंगर हलला की काच तडकते.
एवढंच आमचं शास्त्र.
बाकी सगळा पत्रव्यवहार.

डोंगराच्या पोटात बोगदा आहे.
नदीला त्यात वळवलंय,
पलीकडे ती वीज होऊन तारांवरून सखल मुलखात जाते.
गावाला जमिनीतून घरघर ऐकू येते, रात्री जास्त.
दिवे मात्र सातलाच जातात.
झरा आटला ते साल ओंगकिटला पाठ आहे:
धाकटीला शाळेत घातली तेच.
पण बोगद्याला ती शिव्या देत नाही.
नवरा तिथेच ड्रिलवर होता,
छपराचा पत्रा त्याच पगारातला.

मेमध्ये काच शाबूत. जूनमध्ये शाबूत.
जुलैत केसाएवढी रेघ.
ऑगस्टमध्ये दोन तुकडे.
नवी बसवली आणि लिहिलं,
जड वाहनं थांबवण्याचा विचार व्हावा.
विचार झाला.
सप्टेंबरच्या पाचला पुन्हा नवी लावली, तेव्हा सोबत पत्र होतं:
ही तडकली तर रस्ता बंद.
गावाला ते माझ्याआधी माहीत होतं.

ऑक्टोबरची पाच.
भट्ट्या पेटलेल्या, धुराचा वास कपड्यांना, केसांना, चहालाही.
ओंगकिटच्या पडवीत पोती शिवून तयार, अकरा मण.
गावाची मिळून दोनशेवर.
सिंगतामच्या व्यापाऱ्याचा ट्रक उद्या.

मी भिंतीशी उकिडवा बसलो.
काच शाबूत.
प्लास्टर सफाईदार, माझ्याहून सफाईदार.
तारीख माझीच, फक्त पाचाची शेपटी
माझ्या पाचापेक्षा लांब.
आणि काचेच्या कडेला, नखाएवढी, सोनेरी वेलबुट्टी,
फोटोच्या चौकटीला असते तशी.

चहा प्यायला घरात गेलो.
भिंतीवर नवऱ्याचा फोटो, उघडा,
नाकावर धुराची काजळी बसायला लागलेली.
मी काही बोललो नाही. तीच म्हणाली,
"साहेब, तीन वर्षांनी भाव आलाय."
मग थोडं थांबून,
"ट्रकवर पासांग आहे, माझा भाचा. त्याला सांगून ठेवलंय."
काय?
"वळणावर दार उघडं ठेव म्हणून."

कप तसाच ठेवून मी परत गेलो.
छिन्नीनं हळूच टोकं सोडवली.
काचेखालच्या फटीत माझं बोट गेलं,
दुसऱ्या पेरापर्यंत.
रजिस्टरात लिहिलं: रस्ता बंद.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पासांगनं ट्रक सतरा तीनशेला उभा केला, अलीकडेच.
पोती पाठीवर, नामल्याचा पट्टा कपाळाला,
माणसं एकेक करून वळण ओलांडत होती,
डोंगराच्या कडेनं, न बोलता,
आजारी माणसाच्या खोलीतून जावं तशी.
चार पोती मीही नेली. पाचवं जमलं नाही.
व्यापाऱ्याच्या माणसानं हमालीचे पैसे कापले,
हमाली त्यानं केलीच नव्हती.

काच मी धुऊन परत दिली.
चौकटीत ती आता बसणार कशी,
तीन इंच बाय एक?
ओंगकिटनं ती फोटोवर आडवी धरून पाहिली.
नेमकी डोळ्यांवर आली.
तार लावून तिथेच अडकवली तिनं.
माझ्या खिशातल्या पेनाकडे तिचं लक्ष गेलं.
म्हणाली, यावर तारीख नको.